‘समज दिली’ म्हणजे नेमकं काय दिलं? पुण्यातल्या ठाणे अंमलदारांना खुलं पत्र

प्रति,
पुणे शहरातल्या सर्व पोलीस ठाण्यांचे ठाणे अंमलदार यांस,

साहेब, मॅडम, सप्रेम नमस्कार.

हे पत्र आधी पोलीस आयुक्तांच्या नावानं लिहायला घेतलं होतं. एक परिच्छेद झाला आणि लक्षात आलं, की मला जे म्हणायचंय ते आयुक्तालयात ठरतच नाही. ते तुमच्या टेबलावर ठरतं, तेही माणूस आत आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत. म्हणून वरचं नाव खोडलं आणि तुमचं घातलं.

मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मूळची बार्शीची, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहते. २०२५ च्या जूनमध्ये कॉलेजच्या एनएसएसतर्फे ‘स्टुडंट पोलीस एक्स्पीरिएन्शियल लर्निंग’ या कार्यक्रमातून मी शहरातल्या एका पोलीस ठाण्यात १२० तास काढले. कुठलं ठाणं ते सांगत नाही. जे तिथे होते त्यांना ओळखू येईल आणि बाकीच्यांना आपलंच वाटेल, असा माझा अंदाज आहे. माझ्या खोलीतल्या दोघी पीएसआयच्या परीक्षेची तयारी करतात. मी पहिल्या दिवशी आवरून निघाले तेव्हा त्यातली एक म्हणाली, “आम्ही चार वर्षं घासतोय आत जायला, आणि तू फॉर्म भरून चाललीस!”

पहिल्या दिवशी आमचा फोटो झाला, गुलाबाचं फूल मिळालं, वरिष्ठ निरीक्षकांनी दहा मिनिटं छान मार्गदर्शन केलं. मग आमचं काय करायचं ते कोणालाच सुचेना. दोन मुलं वाहतुकीला गेली. मला विचारलं, “लॉ करताय ना? मग बसा बारनिशीत.” बारनिशी म्हणजे आवक-जावक. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा, रजिस्टरला चढवायचा. चार दिवस मी हेच केलं आणि मनातून धुमसत होते. फॉरेन्सिक, तपास, आरोपीची उलटतपासणी असं काय काय डोक्यात घेऊन गेले होते (उलटतपासणी कोर्टात होते, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलीला माहीत असायला हवं होतं, पण असो). हातात काय, तर शाईचा पॅड.

पण पोलीस ठाणं ही लिहिण्याची जागा आहे, हे मला त्या शाईच्या पॅडनंच शिकवलं. बाहेरून आपल्याला काठी दिसते, शिट्टी दिसते, गाडीवरचा दिवा दिसतो. आत पाहिलं तर स्टेशन डायरी, मुद्देमाल रजिस्टर, समन्स-वॉरंटचं बुक, अकस्मात मृत्यूचं रजिस्टर, हजेरी. आणि त्या सगळ्यातली ती भाषा! ‘हकीगत अशी की’, ‘सदर इसम’, ‘माझे सांगणेप्रमाणे’. बारनिशी, फिर्याद, मुद्देमाल, अंमलदार हे शब्द बखरीत वाचले होते. इथे ते सीसीटीएनएसच्या (पोलिसांच्या संगणक यंत्रणेच्या) स्क्रीनशेजारी बसून वडापाव खात होते. मला ती भाषा आवडली, हे मोकळेपणानं सांगते. तिच्यात एक ठेका आहे. तक्रार आहे ती तिच्यातल्या दोनच शब्दांबद्दल.

ते दोन शब्द म्हणजे ‘समज दिली’.

शेजाऱ्यानं शिव्या दिल्या, दोन चापट्या मारल्या, ‘बघून घेतो’ म्हणाला. असा माणूस तुमच्याकडे येतो. तुम्ही एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेता. पूर्वी ‘तीनशे तेवीस, पाचशे चार, पाचशे सहा’ हे भारतीय दंड संहितेच्या कलमांचे आकडे एका श्वासात म्हटले जायचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तेच ११५(२), ३५२, ३५१(२) झालं. (जुन्या-नव्या कलमांचा तक्ता करून भिंतीला लावणं, हे १२० तासांतलं माझं एकमेव उपयोगी काम. तो पाहून एक हवालदार काका म्हणाले, “चारसोबीस म्हटलं की कसं, लगेच माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. तीनशे अठरा म्हटलं की पीएमटीचा नंबर वाटतो.” आणि जुनी कलमं विसरूनही चालत नाही, कारण १ जुलैच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनाच कायदा लागतो. दोन्ही पाढे एकदम म्हणायचे.) तर, एनसी लिहून झाली की शेवटी ओळ येते: ‘फिर्यादीस कोर्टात दाद मागण्याची समज दिली.’

मी बाकावर बसून त्या ‘समज दिलेल्या’ माणसांचे चेहरे पाहत होते. एनसीची प्रत घडी घालून खिशात ठेवताना त्या माणसाच्या मनात काय असतं? आता पोलीस शेजाऱ्याकडे जातील, दम देतील, कदाचित आत घेतील. प्रत्यक्षात कायद्यानं तुमचे हात बांधलेले असतात. अदखलपात्र गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय तपास करता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याची पद्धत सांगणारा नवा कायदा) कलम १७४ प्रमाणे नोंद करायची, फिर्यादीला मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगायचं आणि अशा नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचा. म्हणजे पुढची हालचाल त्या माणसानं करायची असते आणि तो घरी बसून तुमच्या हालचालीची वाट पाहत असतो. आठ दिवसांनी तो चौकात म्हणतो, पोलीस काही करत नाहीत. तुम्ही म्हणता, लोकांना कायदा कळत नाही. समज दिली असं लिहिलेलं असतं. ती कोणाला पोचली, याचं रजिस्टर मात्र नाही.

दुसरा कागद गहाळ दाखल्याचा. याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण याच्यात मीही दोषी आहे.

सत्तरीच्या पुढचे एक काका यायचे. स्वारगेटला बसमध्ये चढताना कोणीतरी त्यांच्या शर्टाच्या खिशातून मोबाइल काढला होता. हात लागलेला त्यांना जाणवला होता, वळून पाहीपर्यंत माणूस गर्दीत गेला. आपल्या ठाण्यात त्यांना कागद मिळाला, शिक्का-सहीसकट. त्यानंतर ते यायचे आणि उभ्या उभ्याच विचारायचे, “साहेब, तपास कुठवर आला?” टेबलावर जो असेल तो अगदी अदबीनं सांगायचा, “चालू आहे काका, काही कळलं की फोन करू.” तिसऱ्यांदा आले तेव्हा मी पाणी दिलं आणि सहज त्यांच्या हातातला कागद पाहिला. तो गहाळ दाखला होता. वस्तू हरवल्याची नोंद. खाली बारीक अक्षरात, हा दाखला फक्त नोंदीपुरता आहे अशा अर्थाची ओळही होती. तपास चालू नव्हता, कारण तपास करायला काही दाखलच नव्हतं.

मी गप्प बसले. ते बाहेर पडल्यावर मागोमाग गेटपर्यंत गेले आणि तिथे सांगितलं, “काका, हा चोरीचा कागद नाही.” त्यांनी चष्मा लावून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “मी ३६ वर्षं बँकेत काढली. बेअरर चेक आणि क्रॉस चेक यातला फरक मी काउंटरवर रोज कोणाला ना कोणाला समजावून सांगत होतो. अंगठेबहाद्दर माणसालासुद्धा. मला एवढं एक वाक्य कोणी सांगू नये?”

त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

ही गोष्ट मी त्याच दिवशी वर ज्यांचा उल्लेख केला त्या हवालदार काकांना सांगितली. वाटलं, रागावतील. ते थोडा वेळ पेन फिरवत राहिले आणि म्हणाले, “बोललीस ते बरोबर. पण गेटवर बोललीस. टेबलावर बोलायचं होतंस, माझ्यासमोर.” पुढच्या सोमवारी त्यांनी काकांना बोलावून घेतलं, समोर बसवून जबाब लिहिला, चोरीचा गुन्हा दाखल झाला, कलम ३०३(२). एफआयआरची प्रत फुकट मिळते, तशी मिळाली. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) ब्लॉक करायला सीईआयआर या सरकारी पोर्टलवर अर्जही भरला, तो मी भरला. फोन माझे तास संपेपर्यंत तरी मिळाला नव्हता. पण काका त्यानंतर ‘तपास कुठवर आला’ विचारायला आले नाहीत. तपासी अंमलदाराचं नाव आणि नंबर त्यांच्याकडे होता.

आता तुमची बाजू, कारण ती न लिहिता हे पत्र पूर्ण केलं तर मी १२० तास डोळे मिटून बसले होते असा अर्थ होईल.

एका शनिवारी दुपारी ४ ते ८ मी वहीत रेघा मारल्या, टेबलासमोर येणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक. ३४ झाल्या. त्यात गुन्हे म्हणावेत असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी? भाडेकरूची माहिती द्यायला आलेले घरमालक. चारित्र्य पडताळणी. पासपोर्टवाले. नवऱ्याला फक्त ‘जरा बोलवून समजावा’ म्हणणारी बाई. सापडलेलं पाकीट जमा करायला आलेला रिक्षावाला, ज्याला चहा पाजून सोडलं. ‘वरच्या मजल्यावर रात्री पाटा-वरवंट्याचा आवाज येतो’ अशी लेखी तक्रार, मुद्दे क्रमांकानिशी, खास आपल्या पेठेतली. याच चार तासांत ११२ चे कॉल, हॉस्पिटलमधून एमएलसीचा (पोलिसांना कळवावी लागणारी केस आल्याचा) फोन, लॉकअपमधल्या आरोपीला मेडिकलला न्यायला माणूस कमी, वायरलेस अखंड चालू. टेबलावर माणूस एक. त्याची सकाळची ड्युटी संपल्यावरही तो तिथेच होता, कारण रिलीव्हर बंदोबस्तात अडकला होता. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, हे मी पुस्तकी माहिती म्हणून त्यांना ऐकवलं. ते हसले. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

आणि चोरीची ‘गहाळ’ का होते, हेही हळूहळू कळलं. कोणी सांगितलं नाही, पण भिंतीवरच्या फळ्यावरून आणि क्राइम मीटिंगच्या आदल्या रात्रीच्या धावपळीवरून कळतं. गुन्हा दाखल केला की तो तुमच्या ठाण्याच्या आकड्यात वाढतो. उघड झाला नाही की ‘अनडिटेक्ट’च्या रकान्यात बसतो. गर्दीत गेलेला मोबाइल उघड होण्याची शक्यता किती, हे तुम्हाला नोकरीच्या पहिल्या वर्षातच कळलेलं असतं. मग हात आपोआप दुसऱ्या फॉर्मकडे जातो. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं, की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. आम्हाला तो निकाल पाठ आहे, परीक्षेत दहा मार्कांना येतो. पण त्या निकालानं फळ्यावरचा रकाना काही पुसला नाही. याला आम्हीही जबाबदार आहोत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा वार्षिक अहवाल आला की आम्ही लगेच म्हणतो, पुण्यात गुन्हे वाढले, पोलीस झोपलेत. तो विभागच अहवालात बजावतो, की गुन्हे वाढणं वेगळं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं वेगळं. तेवढं पान कोणी वाचत नाही.

मी हे कायद्याचं शहाणपण मिरवत असतानाच पालख्या आल्या आणि माझी गणितं थोडी विस्कटली.

पालखी मुक्कामी असते ते दोन दिवस पोलीस ठाणं कसं असतं, ते पाहिल्याशिवाय कळणार नाही. निम्मं ठाणं रस्त्यावर. उरलेल्यांसमोर रांग, आणि रांगेत पांढरे सदरे, टोप्या, पडश्या. मोबाइल गेला, पाकीट गेलं, बरोबरची म्हातारी चुकली. तुम्ही सगळे त्यांना ‘माउली’ म्हणत होता, आणि ते तुम्हाला. परभणीकडचे एक वारकरी बाबा आले. भवानी पेठेत दर्शनाच्या रांगेत त्यांचा फोन गेला होता. ती जागा आमच्या हद्दीत नव्हती. ‘हद्द आमची नाही’ हे वाक्य आता मी ऐकणार, असं वाटलं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्दीचा प्रश्न न काढता माहिती नोंदवायची तरतूद आहे, ती सांगायला मी सरसावून बसले. पण हवालदार काकांनी हद्दीचं नावही काढलं नाही. त्यांनी बाबांना खुर्ची दिली आणि चक्क दोन्ही पर्याय मांडले. “माउली, चोरीची तक्रार घेतो, जबाब लिहावा लागेल, वेळ जाईल. किंवा हरवल्याचा दाखला देतो, त्यावर सिम कार्ड पुन्हा मिळेल. पण दाखला घेतला तर आम्ही चोर शोधणार नाही, ते आत्ताच सांगतो.”

बाबा म्हणाले, “चोराचं त्याच्यापाशी. उद्या दिवेघाट चढायचाय. माह्या लेकीचा नंबर तेवढा त्याच्यात हाय, पाठ न्हाई मला. तेवढं बघा.”

मग अर्धा तास सगळं ठाणं त्या एका नंबराच्या मागे. दिंडीप्रमुखांचा नंबर शोधला, त्यांच्याकडून गावातल्या दुकानदाराचा, दुकानदाराकडून लेकीचा. बाबा हवालदार काकांच्या फोनवरून बोलले. “मी बरा हाय, फोन पडला.” चोरीला गेला म्हणाले नाहीत. दाखला घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि निघाले.

तो गुन्हा दाखल व्हायलाच हवा होता का? कायद्याप्रमाणे हो. माझ्या प्राध्यापकांना सांगितलं तर ते नक्की ओरडतील. पण बँकेतले काका आणि हे बाबा, दोघांच्या हातात पहिल्यांदा पडला तो एकाच प्रकारचा कागद होता. एकाला तो फसवणूक वाटला, दुसऱ्याला नाही. फरक एका वाक्याचा होता, आणि ते वाक्य बोलायला, मी घड्याळात पाहिलं नव्हतं, पण अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. कागद हातात देताना तो कोणता आहे ते तोंडानं सांगा. हा एफआयआर आहे, तपास अमक्याकडे आहे, ९० दिवसांत प्रगती कळवायची जबाबदारी आमची आहे. ही एनसी आहे, आम्हाला आपणहून तपास करता येत नाही, तुम्हाला कोर्टात जावं लागेल. हा नुसता अर्ज आहे, त्यावरचा शिक्का म्हणजे पोच, गुन्हा दाखल झाला असा त्याचा अर्थ नाही. (बारनिशीत मी असे किती शिक्के मारले! शिक्का पाहून सुटकेचा नि:श्वास टाकणारी माणसं पाहिली आणि तेव्हा मलाही कळत नव्हतं, की ते चुकतायत.) हा गहाळ दाखला आहे, यावर शोध होणार नाही. आणि आमच्या निर्णयाशी सहमत नसाल तर उपायुक्तांकडे लेखी जाता येतं. शेवटचं वाक्य स्वतःविरुद्धच सांगायला जड जाईल, कबूल. पण मुलगा घरी आला नाही म्हणून धावत आलेल्या आईला ‘२४ तास थांबावं लागतं का हो?’ असं विचारताना मी ऐकलंय, आणि तुमच्यातल्याच एका मॅडमनी ‘अजिबात नाही, १८ च्या आतला आहे, अपहरण म्हणूनच लगेच नोंदवू’ असं सांगून पेन उचलल्याचंही पाहिलंय. म्हणजे सांगता येतं.

वेळ नाही म्हणाल, तर आम्ही आहोत. पुढची इंटर्नची तुकडी येईल तेव्हा त्यांना बारनिशीत किंवा चौकात पाठवू नका. टेबलाबाहेरच्या बाकावर बसवा. आलेल्या माणसाला पाणी द्यायचं, कशासाठी आलात विचारायचं आणि जाताना हातातला कागद कोणता ते साध्या मराठीत सांगायचं, एवढं काम द्या. जबाब लिहायला लावू नका, तो आमचा अधिकार नाही. फायली वाचायला देऊ नका. एका दुपारी मी टेबलावरची उघडी फाइल चाळायला घेतली तेव्हा त्याच मॅडमनी ती माझ्या हातून काढून घेतली. “ही तुझ्यासाठी नाही. त्या मुलीनं आम्हाला सांगितलंय, तुला नाही.” मान शरमेनं खाली गेली, पण तेवढं एक वाक्य वर्गात कोणी शिकवलं नसतं.

बाकी पंचनाम्याला पंच मिळवताना होणारी दमछाक, जुन्या वाड्याच्या बोळात रेंज नसताना झडतीचं चित्रीकरण कसं अपलोड करायचं, हे विषय मोठे आहेत. ते तुमच्याकडूनच कोणीतरी लिहावेत. शवागाराच्या बाहेर एकदा दोन तास उभी होते, त्याबद्दल मला इथे लिहायचं नाही.

कळावे,
बारनिशीतली मुलगी

ता.क. इंटर्नशिपचं प्रमाणपत्र मिळालं, आभारी आहे. त्यात माझ्या आडनावात चूक आहे. दुरुस्तीसाठी अर्ज केलाय, शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे. पुढे काय होणार, ते मात्र कोणी सांगितलं नाही, आणि विचारायचं माझ्याही लक्षात आलं नाही.